हिरवा दिवा, चुकीचं नाव

दुकम, ओमान
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय ओवेस,

सलाम. अब्बा-अम्मीला माझा नमस्कार सांग.

मेसेजवर बोलायचं नाही असं तूच म्हणालास. मी एका दमात दहा मेसेज टाकतो, तू स्टेअरिंगवरून त्यातल्या भलत्यालाच उत्तर देतोस आणि मग आपली जुंपते. म्हणून हे पत्र. ईमेल असलं तरी पत्रच. नामपूरच्या शाळेत पत्रलेखनात बाई मला पाचातला एक मार्क द्यायच्या, तो पण शाई सांडली नाही म्हणून. नववीत शाळा सुटली ती सुटलीच, तेव्हा चुका पोटात घाल.

नवं 'जागा' ॲप तुमच्या ॲम्ब्युलन्सवाल्यांच्या ग्रुपवर टाकलंय, सगळ्या ड्रायव्हरांना जुनं काढून हे टाकायला लाव. जुन्यात काय व्हायचं, तर ड्रायव्हरनं हॉस्पिटल निवडून 'बेड आहे का' दाबलं की तिकडच्या काउंटरवरचा माणूस बघून उत्तर देईपर्यंत पडदा गोठायचा, नुसतं चक्र फिरत राहायचं. पेशंट मागं कण्हतोय आणि ड्रायव्हर चक्र बघतोय. तुमच्या शिव्या इथं समुद्रापर्यंत ऐकू येत होत्या.

आता तसं नाही. प्रश्न सोडून द्यायचा आणि आपण मोकळं. दुसरं हॉस्पिटल बघा, रस्ता बघा, नातेवाइकाला फोन लावा. उत्तर यायचं तेव्हा येईल आणि आपणहून पडद्यावर बसेल. बेड असला तर हिरवा दिवा, नसला तर लाल. हे शिकायला मला आख्खा रमजान गेला, कँपवर तेव्हा काम लवकर सुटायचं. सगळे झोपलेले असायचे आणि मी जुन्या लॅपटॉपवर व्हिडिओ बघत बसायचो. बोलणारा मद्रासी इंग्रजीत बोलायचा, मी त्याचे हात बघून शिकलो.

तुमचे अध्यक्ष शेखरभाऊ खरंच म्हणाले का, की हे नीट चाललं तर संघटनेचा माणूस म्हणून मला नाशिकला, द्वारकेला बोलावून घेतील? खरं सांग. इथं दिवसभर क्रेनच्या हुकाला साखळ्या अडकवतो. हात थांबले की डोकं फिरतं. आतापर्यंत तीन कामं सोडली, हे चौथं. हे पण सोडीन, पण या वेळी नाशिकला यायला सोडीन.

तुझा,
जीवन

---

द्वारका, नाशिक
९ नोव्हेंबर

जीवन्या,

आज चेष्टा नाही. शांत बसून वाच.

परवा बहिरूमामा संघटनेच्या गाडीतून नामपूरहून एक पेशंट घेऊन आला. कुसाबाई म्हणून म्हातारी, सकाळी भाकरी थापता थापता उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. सटाण्याच्या डॉक्टरनं सांगितलं, लवकरात लवकर नाशिकला मोठ्या ठिकाणी न्या, अशा पेशंटचं मिनिटावर असतं. मामानं चांदवडच्या पुढं आल्यावर तुझं ॲप उघडलं. द्वारकेच्या पुलाखाली आला तेव्हा नाशिकरोडच्या हॉस्पिटलला हिरवा दिवा होता, असं तो सांगतो. डावीकडं वळला, गेला. तिथं बेड नव्हताच. काउंटरवरची मुलगी म्हणते, आम्ही 'आहे' असं कळवलंच नाही. मग मामा उलटा फिरला, द्वारकेच्या गर्दीतून पुन्हा गंगापूर रोडच्या बाजूला. तिथं बेड होता, दाखल केलं. पण मधला वेळ गेला तो गेला.

म्हातारीचा मुलगा मंगळू संघटनेच्या टपरीवर येऊन उभा आहे. म्हणतो, ड्रायव्हरचा त्या हॉस्पिटलशी कट आहे, पेशंटमागं कमिशन खायला आधी तिकडं नेलं. तुला आपला धंदा माहीत आहे. असं करणारे आहेत, म्हणून कुणी म्हटलं की लोकांना लगेच खरं वाटतं. कमिशनला हात लावला नाही, एवढंच मामा सांगतो, "मना हात साफ शे."

मंगळवारी शेखरभाऊंनी बैठक लावली आहे. मला एकच सांग. बोटाची चूक की ॲपची? तू जे लिहिशील ते मी तिथं वाचून दाखवणार.

ओवेस

---

दुकम
१० नोव्हेंबर

ओवेस,

तुझं पत्र वाचलं आणि जेवण टाकून लॅपटॉप उघडला. नाशिकरोड विचारलं, लाल. गंगापूर रोड विचारलं, हिरवा. पुन्हा नाशिकरोड, लाल. उलटं केलं, सुलटं केलं. एकदाही चुकलं नाही. ॲपमध्ये काही खोट नाही, आईची शपथ.

बहिरूमामाची बोटं बघितलीस का कधी? जाड भेंड्यांसारखी आहेत. एका बटणावर ठेवली तर तीन बटणं दबतात. आपण शाळेत असताना त्याच्या जीपच्या टपावर बसून जायचो, तेव्हा पण तो हॉर्न दाबायला जायचा आणि वायपर चालू व्हायचे. त्यानं गंगापूर रोडचं हिरवं बघितलं असणार आणि डोक्यात नाशिकरोड धरलं असणार. कट-बिट काही नाही, तो तसला माणूस नाही हे बैठकीत ठासून सांग. पण वय झालंय. त्याला आता गाव ते तालुका असं जवळचं काम द्या, नाशिकची फेरी नको. हे पण वाचून दाखव, मी भीत नाही.

म्हातारी कशी आहे ते लगेच कळव.

जीवन

---

द्वारका
१४ नोव्हेंबर

जीवन,

बैठक झाली.

मी तुझं पत्र वाचलं. भेंडीचं वाक्य आलं तसे सगळे हसले. मी ते गाळायला हवं होतं, पण वाचण्याच्या भरात वाचून गेलो. मामा पण हसला थोडा. मग तू कट-बिट काही नाही लिहिलंयस ते वाचलं, पण तोवर मंगळू उठून उभा राहिला होता. तो म्हणाला, म्हणजे तुमचाच माणूस सांगतोय, यंत्र बरोबर आहे आणि ड्रायव्हर चुकला. आता चुकला का मुद्दाम गेला, हे यंत्र थोडंच सांगणार आहे?

शेखरभाऊंनी मामाकडं बघितलं. मामानं खिशातून गाडीची किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि बाहेर जाऊन चपला घातल्या. कुणी थांब म्हणालं नाही. मी पण नाही.

टपरीच्या भिंतीवरची आपली नंबराची पाटी तुला आठवत असेल. कुणाची गाडी कुणाच्या मागं, ते खडूनं लिहिलेलं असतं. मामाचं नाव तिच्यावर पार पहिल्यापासून होतं. दुसऱ्या दिवशी ते पुसलेलं दिसलं. कुणी पुसलं, कुणी सांगत नाही. जागा मोकळीच ठेवली आहे, खालची नावं वर सरकवलेली नाहीत.

मामा मनमाडला लेकीकडं गेला. तिथं पाण्याचा टँकर चालवतोय म्हणे.

कुसाबाई अजून आयसीयूत आहेत. डोळे उघडतात, माणूस ओळखतात. बोलत नाहीत.

ओवेस

---

दुकम
१५ नोव्हेंबर

ओवेस,

हे पत्र आधी पूर्ण वाच आणि मग जिथं असशील तिथं गाडी बाजूला घे.

आज दुपारी कँटीनला भांडण झालं. आमच्या कँटीनला एक खिडकी आहे. खिडकीत जाऊन काय पाहिजे ते सांगायचं, आत आचारी करतो आणि खिडकीतून ताट बाहेर सरकवतो. आज वेळ लागत होता, तर सांगणारा माणूस हात धुवायला गेला. त्याच्या मागचा एक राजस्थानी सुतार खिडकीत येऊन उभा राहिला, त्यानं डाळ-भात सांगितला. तेवढ्यात आधीच्याचं ताट तयार झालं. आचाऱ्यानं बघितलंच नाही कुणाचं आहे ते. खिडकीत जो उभा त्याच्या हातात दिलं. सुतार भुकेला, त्यानं रस्सा भातात कालवला आणि पहिल्या घासाला त्याच्या तोंडात मासळीचा काटा. जन्मात माशाला शिवला नाही तो. ताट भिंतीवर फेकून मारलं. आचारी म्हणत होता, मी बरोबरच बनवलं होतं, मासळीच सांगितली होती. खरं बोलत होता. ताट बरोबर होतं रे, माणूस चुकीचा होता.

सगळे हसत होते आणि मी हात न धुताच लॅपटॉप उघडला.

मी ॲपमध्ये हेच केलंय. हॉस्पिटलकडून उत्तर येतं ते फक्त 'आहे' किंवा 'नाही' एवढंच येतं. नाव त्याच्यात नसतं. नाव मी जोडतो, आणि जोडताना त्या क्षणाला पडद्यावर जे हॉस्पिटल उघडं असेल ते जोडतो. जुन्यात पडदा गोठायचा, म्हणून विचारलेलं आणि उघडं असलेलं एकच असायचं. नव्यात मी पडदा मोकळा केला आणि हे विसरलो. मामानं आधी गंगापूर रोडला विचारलं असणार. उत्तर आलं नाही म्हणून नाशिकरोड उघडलं, तिथं विचारलं. तेवढ्यात गंगापूर रोडचं 'आहे' आलं आणि नाशिकरोडच्या नावाखाली हिरवं होऊन बसलं. मामानं जे बघितलं तेच तो बोलला.

मग मी लॅपटॉप कँपच्या पार टोकाला नेला, जिथं वाय-फाय मरत मरत येतं. एक विचारलं, उत्तर यायच्या आत दुसरं उघडलं. पहिल्याच खेपेला हिरवा दिवा चुकीच्या नावाखाली. त्या दिवशी मला का दिसलं नाही सांगू? विचारणारा मीच आणि उत्तर देणारा पण मीच होतो. एकाचं उत्तर आल्याशिवाय मी दुसरं विचारतच नव्हतो. रस्त्यावर असं कोण वागतं?

सगळ्यांना सांग, दुरुस्त होईपर्यंत एक विचारलं की उत्तर आल्याशिवाय दुसरं उघडू नका. मी बसलोच आहे दुरुस्तीला. आता प्रत्येक प्रश्नाला बिल्ला लावतो, उत्तर तोच बिल्ला घेऊन परत येईल, आणि बिल्ला जुळला तरच त्या नावाखाली बसेल.

आणि हे पत्र बैठक बोलावून वाच. पहिलं वाचलंस तसंच, मोठ्यानं. मामाला मनमाडहून आधी बोलावून घे आणि त्याच्यासमोर वाच. भेंडीचं मी लिहिलं होतं, ते पण माझ्या नावानं परत घे.

जीवन

---

द्वारका
२१ नोव्हेंबर

प्रिय जीवन,

पत्र मिळालं. गडबडीत उत्तर राहिलं. इकडं थंडी चांगली पडली आहे. अम्मीचे गुडघे धरलेत. पुलाच्या कामामुळं द्वारकेला नेहमीसारखाच चक्का जाम.

दुरुस्त केलेलं ॲप सगळ्यांनी टाकून घेतलं. छान चालतंय. शेखरभाऊ परवा स्वतःहून म्हणाले, पोराला जानेवारीत बोलावून घेऊ. कुसाबाईंना वॉर्डात आणलं. थोडं थोडं बोलतात.

तू जे लिहिलंस त्यावर मी विचार केला. आता मंगळू शांत झालाय. त्याला वाटतं, ज्यानं केलं त्याला काढलं, विषय संपला. आज मी उभा राहून म्हणालो की ड्रायव्हर नव्हे, ॲप चुकलं, तर तो एका माणसावरून सगळ्या संघटनेवर येईल. हॉस्पिटलवाले म्हणतील, आम्ही या ॲपवर उत्तरच देणार नाही. दहा-बारा घरं या गाड्यांवर चालतात, माझं धरून. आणि तुझं जानेवारीचं पण गेलं समज. मामाला तिकडं काम आहे, लेकीचं घर आहे, आरामात आहे. वय झालंय असं तूच लिहिलं होतंस.

चूक सापडली, दुरुस्त झाली, पुन्हा होणार नाही. अजून काय पाहिजे? थोडा थंडा हो यार. घरी ये, मग दोघं जाऊ मामाकडं, पेढे घेऊन.

तुझा,
ओवेस

---

दुकम
२२ नोव्हेंबर

ओवेस,

पेढे?

तू विचारलंस, बोटाची चूक की ॲपची. मी एका रात्रीत उत्तर दिलं, चुकीचं दिलं, ते तू दुसऱ्याच दिवशी भर बैठकीत वाचलंस. आता बरोबर उत्तर दिलं तर ते तुझ्या खिशात. माझं पहिलं पत्र वाचताना तुझा घसा बसला नव्हता, मग आताच थंडी कशी लागली?

कुसाबाईंचा हात कसा आहे ते तू लिहिलं नाहीस. मी दोनदा वाचलं पत्र. बोलतात लिहिलंस, वॉर्डात आणलं लिहिलंस. हाताचं नाही.

जानेवारीचं मला सांगू नको. मला यायचंय, लय यायचंय, इथल्या वाळूचा वास अंथरुणातून जात नाही. पण त्या पाटीवर मोकळ्या जागेखाली माझं नाव लिहून घ्यायला मी येणार नाही.

तू ऐक. शुक्रवारपर्यंत त्या पाटीचा फोटो पाठव. मामाचं नाव दिसलं तर मी पुढं काही बोलणार नाही. नाही दिसलं तर माझ्याकडं बैठक नाही, टपरी नाही, पण सगळ्यांच्या खिशात माझं ॲप आहे. तुला आधी सांगून करतोय. नंतर म्हणू नको, पाठीमागून केलं.

जीवन

---

द्वारका
२ डिसेंबर

जीवन,

मी फोटो पाठवला नाही आणि तू तुझं केलंस.

काय झालं ते सांगतो, तुला कळायला पाहिजे. शनिवारी सकाळी टपरीवर आम्ही सगळे चहा घेत होतो. फेरीची हाक आली की ज्याचा नंबर तो फोन उघडतो, तसा एकानं उघडला आणि म्हणाला, हे काय आलंय. मग दुसऱ्यानं उघडला. सगळ्यांच्या पडद्यावर तेच. 'सात नोव्हेंबरला बहिरूमामाला नाशिकरोडच्या नावाखाली गंगापूर रोडचं उत्तर या ॲपनं दाखवलं. चूक ॲपची, म्हणजे माझी. मामानं जे बघितलं तेच सांगितलं. हे वाचलं असं दाबल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. जीवन.'

चहावाल्यानं स्टोव्ह बंद केला. मग शेखरभाऊंनी मला विचारलं, तुला माहीत होतं? मी हो म्हणालो. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, मग इतके दिवस माझ्याबरोबर चहा कसा पीत होतास. त्या मिनिटाला तू समोर असतास तर मी तुझं थोबाड फोडलं असतं.

मंगळू संध्याकाळी आला. मला वाटलं दगड घेऊन येतोय. तो ओट्यावर बसला आणि म्हणाला, मी त्या म्हाताऱ्याला आईवरून बोललो होतो. एवढंच म्हणाला. संघटनेवर येणार, असं मी तुला लिहिलं होतं. तसं झालं नाही. हॉस्पिटलं मात्र दोन गेली, उत्तर देणं बंद केलं. जानेवारीचं कुणी बोलत नाही, मी पण विचारलं नाही.

कुसाबाईंचा उजवा हात परत आलेला नाही. तुला लिहिलं नव्हतं, आता लिहितो. चमचा डाव्या हातानं धरायला शिकतायत.

आता ऐक पुढचं. तुझा निरोप सगळ्यांना गेला, फक्त ज्याला जायला पाहिजे त्यालाच गेला नाही. मामानं किल्ली ठेवली त्या दिवशीच ॲप फोनमधून काढून टाकलं होतं. म्हणून काल मी मनमाडला गेलो. रेल्वेच्या वसाहतीत टँकरला नळी लावून उभा होता. तुझं कँटीनचं पत्र मी नळीच्या आवाजात मोठ्यानं वाचलं, शेवटपर्यंत. भेंडीचं परत घेतलं ते पण. मग तुझं बावीस तारखेचं वाचलं, ज्यात मला शिव्या आहेत. तू सांगितलं नव्हतंस, पण ते वाचल्याशिवाय माझं मला उभं राहवेना.

त्यानं टाकी भरू दिली, नळ बंद केला आणि म्हणाला, जीवनला मला लिहायचंय. लिहिता येत नाही म्हणून नातीला बसवलं, सृष्टीला. सोबत जोडलंय.

ओवेस

---

मनमाड
१ डिसेंबर

चि. जीवनला बहिरू मामाचा आशीर्वाद.

हे पत्र सृष्टी लिहिते आहे. आजोबा सांगतात तसं लिहिते, माझ्या मनाचं काही घालत नाही.

ओवेसनं सगळं वाचून दाखवलं. ताटाचं समजलं. बिल्ल्याचं पण समजलं, आमच्या वेळी सायकल ठेवायला तसाच बिल्ला मिळायचा.

आता माझं ऐक. ओवेसनं तुला विचारलं. शेखरनं ओवेसला विचारलं. मंगळूनं सगळ्यांना विचारलं. तू दूर बसून मशीनला विचारलंस. "माले कोन्ही इचारंच नही." हे वाक्य तसंच लिही, असं आजोबा म्हणाले. मी त्या दिवशी दोन वेळा दाबलं होतं. आधी गंगापूर रोड, मग नाशिकरोड. हिरवा दिवा आला तेव्हा मला वाटलं पण, इतक्या लवकर कसा आला, नाशिकरोडला तर मी आत्ता विचारलं. पण मागं बाई तडफडत होती, मी विश्वास ठेवला. बैठकीत कुणी म्हणालं असतं, मामा, काय काय दाबलंस ते क्रमानं सांग, तर मी सांगितलं असतं. तुम्ही माझ्या बोटांचं वाचलं आणि हसलात.

मी चिडलेलो नाही. चिडलो होतो, टँकर चालवून गेलं.

कुसाबाईला भेटायला मी जाऊन येईन. तिच्या मुलाचं काही मनात धरलेलं नाही. आपली आई पडली की माणूस कुणालाही काही बोलतो.

तुझ्या ॲपात एक कर. उत्तर आलं की हॉस्पिटलचं नाव मोठ्यानं बोलून दाखव. आमचे डोळे रस्त्यावर असतात, कान रिकामे असतात.

ओवेस म्हणतो, चला आत्ताच माझ्या गाडीत, द्वारकेला पोचलो की पाटीवर नाव लिहितो. मी त्याला परत पाठवतो आहे. माझं नाव मी तिथं नसताना पुसलं, तेव्हा मी तिथं नसतानाच लिहा, त्याच जागी. मग मला कळवा. टँकरची किल्ली मी तेव्हा देईन.

आधी नाव, मग मी.